रोज तांब्याभर पाणी

जुनी गाडी विकणारा माणूस सहसा धादांत खोटं बोलत नाही, खरं काय ते जाता जाता सांगतो. माझी हॅचबॅक देताना आधीचे मालक किल्ली हातात ठेवत म्हणाले, "बाकी काही बघायला नको, सकाळी तेवढं तांब्याभर पाणी टाकत जा." टायर, पत्रा, इन्शुरन्स यांवर आमची तासभर घासाघीस झाली होती. या वाक्यावर कोणीच थांबलं नाही. खरं तर रेडिएटरचं पाणी पेट्रोलसारखं खर्च होण्यासाठी नसतं. तेच पाणी इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि परत फिरत राहतं. रोज भर घालावी लागते, त्या अर्थी ते कुठून तरी गळतंय.

पुण्यातल्या सिग्नल ते सिग्नल प्रवासात हे खपून गेलं. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात नाही खपलं. मे महिन्याची दुपार, एसी चालू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. काटा लाल पट्टीकडे चढत गेला आणि मग एकदम खाली आला. "अहो, उतरला की काटा!" बायको म्हणाली आणि दोघांनाही हायसं वाटलं. सगळ्यांत घातक क्षण तो हाच. तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की त्याच्याभोवती वाफ आणि हवा उरते, आणि तो कमी तापमान दाखवू लागतो. इंजिन तिकडे कोरडं भाजत असतं. आम्हाला गोडसर, करपट वास आला म्हणून थांबलो. चढलेला काटा असा अचानक पडला तर पुढच्या वळणापर्यंतही जाऊ नये, इंजिन तिथेच बंद करावं. काटा नुसता वर सरकत असेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. उकाड्यात जीव नकोसा होतो, पण बरीच उष्णता तिकडून बाहेर पडते आणि गाडी बाजूला घेण्याइतका अवधी मिळतो.

"साहेब, झाकणाला हात लावू नका," मागे थांबलेला ट्रकवाला ओरडला. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की त्याच क्षणी त्याची वाफ होते आणि सगळं तोंडावर येतं. वरचा जाड होज पाइप हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे चांगला अर्धा-पाऊण तास, थांबावंच लागतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच वाईट. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि मग काही हजारांचं काम इंजिन उघडण्यावर जातं.

ट्रकवाल्याने डब्यातली हळद काढून दिली. हा उपाय थट्टेचा नाही. हळद बारीक छिद्रात जाऊन बसते आणि गाडी गावापर्यंत पोहोचते. बाटलीतलं लीक बंद करणारं औषधही तेच करतं. वाईट एवढंच, की ते छिद्र आणि रेडिएटरची अरुंद नळी यांत भेद करत नाही. साताऱ्यात रेडिएटरवाल्याने माझा रेडिएटर उघडला तेव्हा निम्म्या नळ्या तपकिरी गाळाने बुजलेल्या होत्या. आधीच्या कोणीतरी तात्पुरत्या इलाजावर वर्षं काढली होती.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर सोल्डर करून पुष्कळ चालतो. ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी जोडलेली असेल आणि टाकीलाच चीर गेली असेल, तर डागडुजीत पैसे घालू नयेत, नवा बसवावा. मात्र त्याआधी होज, क्लिपा, वॉटर पंप आणि झाकणाचं रबर तपासून घ्यावं. कितीदा तरी चोर तिथेच सापडतो. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेस दिसला किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर दुखणं हेड गॅस्केटचं असू शकतं. मग रेडिएटर बदलून उपयोग नाही. "आपल्याकडे थंडी कुठे असते?" म्हणत थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्या मेकॅनिकला नम्रपणे नाही म्हणावं. तो नसला तर इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच फिरत राहतं.

आत बोअरचं पाणी घालू नये, क्षार धरतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावं, बहुतेक गाड्यांना निम्मं-निम्मं चालतं. जमिनीवर सांडलेलं लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवला की सकाळी कळतं. रंगहीन, बिनवासाचा डाग बहुधा एसीच्या पाण्याचा. हिरवा, लाल किंवा चिकट असेल तर कूलंट असू शकतं. आणि जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. इंजिन थंडच हवं. तुम्ही पोहोचण्याआधीच कोणी ते तापवून ठेवलं असेल, तर सांगा, उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका.