गळती आणि गोठण यांची वेळीच सूचना : घर व बियाणे कोठीतील संवेदकांची मांडणी

शेतकऱ्याच्या घरात राहण्याची जागा आणि साठवणुकीची जागा यांच्यामध्ये पुष्कळदा एकच भिंत असते. भिंतीच्या एका बाजूला मोरी, नळ किंवा गिझर असतो, तर दुसऱ्या बाजूला पुढील हंगामासाठी राखलेल्या हरभऱ्याची किंवा सोयाबीनची पोती रचलेली असतात. नळाच्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि एका थेंबाचे आकारमान पाव मिलिलिटर धरले, तर दिवसाकाठी २१ लिटरहून अधिक पाणी झिरपते. हे पाणी डोळ्यांना दिसेलच असे नाही. बरेचसे भिंत आणि जमीन शोषून घेतात. त्यामुळे होणारे नुकसान किती पाणी गळाले यापेक्षा गळती किती दिवसांनी लक्षात आली यावर अधिक अवलंबून असते. गळती व गोठण संवेदक, म्हणजेच सेन्सर, हा कालावधी कमी करतात. मात्र त्यासाठी संवेदक योग्य जागी बसवलेला असावा आणि त्याच्या सूचनेवर कृती करणारी व्यक्ती ठरलेली असावी.

ओलाव्यापासून किडीपर्यंत

सुरक्षित साठवणुकीसाठी तृणधान्यांत सुमारे १२ टक्के, कडधान्यांत ९ ते १० टक्के आणि तेलबियांत ८ टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असल्यास तांदळावरील सोंड्याची वाढ जवळजवळ थांबते. तोच ओलावा १४ टक्क्यांवर गेल्यास उष्ण हवामानात सोंड्याची एक पिढी सुमारे महिन्याभरात पूर्ण होते. अळी दाण्याच्या आतच वाढत असल्याने पहिली पिढी बाहेर पडेपर्यंत पोते वरून निरोगी दिसते. भिंतीलगतच्या सततच्या ओलीमुळे वाळवीलाही वाट मिळते, कारण जमिनीतील वाळवीला जिवंत राहण्यासाठी ओलाव्याचा आधार लागतो.

गळती पहिल्याच दिवशी कळली, तर पोती हलवून, उन्हात वाळवून बियाणे वाचवता येते. तीच पेरणीच्या तोंडावर कळली, तर उगवणशक्ती गमावलेले बियाणे हाती येते आणि ऐन हंगामात ते विकत घ्यावे लागते.

गळती संवेदक कसा काम करतो?

साध्या गळती संवेदकाच्या तळाशी धातूची दोन टोके असतात. पाणी त्या दोन्हींना एकाच वेळी स्पर्शले की सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि भोंगा वाजतो किंवा मोबाइलवर संदेश जातो. दोरीसारख्या लांब संवेदकात हीच रचना संपूर्ण लांबीभर असते. भिंतीच्या कडेने लावण्यास तो अधिक सोयीचा ठरतो.

जागा निवडण्यासाठी पुढील प्रात्यक्षिक करावे. गळतीची शक्यता असलेल्या सांध्याखाली तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते प्रथम कोठे पोहोचते ते पाहावे. त्या ठिकाणी खडूने खूण करून जागा कोरडी झाल्यावर तेथे संवेदक ठेवावा. नळाच्या अगदी खाली ठेवलेला संवेदक जमिनीच्या उतारामुळे कोरडाच राहतो, हे या प्रयोगातून लक्षात येते. गिझर, कपडे धुण्याचे यंत्र, मोरीखालचा सांधा आणि टाकीचा निर्गम ही प्राधान्याची ठिकाणे होत. जेथे रोज जमीन धुतली किंवा सारवली जाते, तेथे संवेदक जमिनीपासून किंचित उंच बसवावा. अन्यथा वारंवार खोटी सूचना मिळते आणि काही दिवसांतच घरातील माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतात.

बियाणे कोठीत एवढे पुरेसे नाही. भिंतीतून चढणारी ओल जमिनीवर वाहत नसल्याने स्पर्शाने चालणाऱ्या संवेदकाला ती कळत नाही. तेथे आर्द्रता संवेदक आवश्यक आहे. पोत्यांभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांवर राहिल्यास साठवणुकीतील बुरशी वाढू लागते. पावसाळ्यात बाहेरची आर्द्रताच अधिक असल्याने एकाच संवेदकाचा आकडा फसवा ठरू शकतो. म्हणून एक संवेदक सामाईक भिंतीजवळ आणि दुसरा खोलीच्या मध्यभागी ठेवावा. भिंतीजवळचा आकडा सतत अधिक राहत असल्यास ओल भिंतीतून येत असल्याचा संशय घ्यावा व नळजोडणी तपासावी.

गोठण : पहाडी घरात आणि मैदानी घरातही

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या सुमारे ४० दिवसांच्या कडक थंडीच्या काळाला चिल्लई कलान म्हणतात. या काळात नळ गोठणे ही तेथील नित्याची अडचण आहे. लाहौल-स्पिती आणि लडाखमध्येही तेच घडते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढतो व नळी फुटते. फुटलेली नळी बर्फ वितळल्यावरच गळू लागते. म्हणूनच अशा घरांत गोठण आणि गळती असे दोन्ही संवेदक जोडीने असावेत.

नळीजवळच्या हवेचे तापमान ४ ते ५ अंश सेल्सिअसवर आले की सूचना मिळावी, अशी मर्यादा निश्चित करावी. शून्य अंशाला मिळालेली सूचना उशिराची असते. सूचना मिळताच मुख्य झडप बंद करून नळीतील पाणी सोडून द्यावे, अथवा नळ बारीक धारेने चालू ठेवावा. गोठलेल्या नळीला ज्योत लावू नये. नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने सुरुवात करत गरम कापडाने ऊब द्यावी.

संवेदक खोलीच्या मध्यभागी नव्हे, तर सर्वांत थंड ठिकाणी असावा. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात हिवाळ्यातील काही पहाटे दवबिंदू गोठतात. त्याच वेळी हवेचे नोंदलेले तापमान शून्याच्या बरेच वर असू शकते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतचा थर अधिक थंड होतो. उघड्यावरून जाणारी नळी आणि घरातील तापमापक यांच्यातही असाच फरक पडतो.

महाराष्ट्राच्या बहुतांश भागांत नळ गोठत नाहीत. पण फ्रिजमध्ये गोठण्याचा धोका असतो. लाळ्या-खुरकूत लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि ती गोठू देऊ नये. गोठून वितळलेली लस पूर्ववत होत नाही. ट्रायकोग्रामा या परोपजीवी मित्रकीटकाची कार्डेही थोड्या दिवसांसाठी सुमारे १० अंशांना ठेवतात. ती बर्फकप्प्यालगत गोठल्यास अंड्यांतील परोपजीवी मरतात. कार्ड मात्र दिसायला तसेच राहते. शेतात लावल्यानंतर त्यातून काहीच बाहेर पडत नाही आणि तोवर बोंडअळी किंवा खोडकिडीच्या अंड्यांवर मारा करण्याची वेळ निघून गेलेली असते. यासाठी तारेला जोडलेले तापमान टोक ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवून लस किंवा कार्डांशेजारी ठेवावे; त्यामुळे दार उघडताच खोटी सूचना मिळत नाही. लसीसाठी २ अंशांखाली आणि ८ अंशांवर अशा दोन मर्यादा ठेवाव्यात. यंत्राचा मुख्य भाग फ्रिजबाहेर ठेवावा, कारण धातूच्या आवरणातून संदेशलहरी क्षीण होतात.

बसवण्यापूर्वीची तपासणी

१. बारीक फोडलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या लगद्यात जलरोधक तापमान टोक १० मिनिटे बुडवावे. आकडा शून्याजवळ असावा. जेवढा फरक दिसेल तेवढी दुरुस्ती नोंदवून ठेवावी.

२. गळती संवेदक घरात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या पाण्यानेच तपासावा. कमी क्षारांच्या पाण्यातून वीज कमी वाहते.

३. वीज गेल्यावर वाय-फाय बंद पडते व मोबाइलवर संदेश येत नाही. म्हणून स्वतःची बॅटरी व स्वतःचा भोंगा असलेले उपकरण निवडावे, किंवा राउटर इन्व्हर्टरवर जोडावा.

४. दरमहा एका ठरलेल्या दिवशी ओल्या कापडाने संवेदक वाजवून पाहावा. थंड प्रदेशात साध्या बॅटरीची शक्ती लवकर घटते. तेथे लिथियम बॅटरी वापरावी.

दोन सावधगिरीच्या सूचना

गिझर किंवा विजेच्या उपकरणाजवळ गळतीची सूचना मिळाल्यास मुख्य स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नये.

धुरीसाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओलाव्याच्या संपर्कात येताच प्राणघातक फॉस्फीन वायू सोडते. ते घरात किंवा घराला लागून असलेल्या कोठीत कदापि ठेवू नये. धुरी अधिकृत व्यक्तीकडूनच, राहत्या जागेपासून दूर असलेल्या गोदामात करून घ्यावी. फॉस्फीनमुळे तांबे गंजते, म्हणून अशा गोदामातील संवेदक धुरीपूर्वी काढून ठेवावेत.

सूचना कोणासाठी?

संवेदक बसवताना सूचना मिळाल्यावर काय करायचे हे एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे : मुख्य झडप कोठे आहे, ती कोण बंद करील, पोती कोठे हलवायची आणि लस कोणत्या शीतपेटीत न्यायची. दिवसभर सर्वजण शेतावर असतील, तर शेजाऱ्यांपैकी एकाचा क्रमांकही संदेशाच्या यादीत असावा. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक देताना उपकरण वाजवून दाखवण्यावर न थांबता घरातील प्रत्येकाकडून झडप एकदा बंद करून घ्यावी. बऱ्याच घरांत ती वर्षानुवर्षे न फिरवल्याने घट्ट बसलेली असते. गळतीच्या दिवशी ती हाताने फिरली पाहिजे.