हॉटेलच्या बिलावरचा टॅक्स गावात परत येतो का? शहापूर-मुरबाडचा हिशेब

माळशेज रोडला ढाबा, आसनगावला होमस्टे, माहुलीच्या पायथ्याला चहा-भजी, असं काही सुरू करायचं डोक्यात असेल तर आजचा धडा तुमच्यासाठी आहे. ट्रेनिंगला येणारी मंडळी हमखास विचारतात, "आपण एवढा टॅक्स भरणार, मग धबधब्याजवळ साधं शौचालय का नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर हवं असेल तर पैशाच्या मागे चालत जावं लागेल.

एक बिल घेऊ

समजा, टोकावड्याजवळ तुमचं छोटं हॉटेल आहे आणि जीएसटी रजिस्ट्रेशन झालेलं आहे. एक कुटुंब आलं. खोली 2000 रुपये, जेवण 1000 रुपये. जेवणावर 5 टक्के, म्हणजे 50 रुपये. खोलीचं भाडं रोज 7500 पर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून तिथेही 5 टक्केच, म्हणजे 100 रुपये. एकूण टॅक्स 150. त्यातले 75 केंद्राचे, 75 राज्याचे. ग्रामपंचायतीला थेट किती? शून्य.

पंचायतीला सरकारकडून निधी येतो, पण तो हिशेब मुख्यतः लोकसंख्येवर चालतो. पावसाळ्यात रविवारी गावात किती गाड्या आल्या, हे त्यात कोणी मोजत नाही. कचरा मात्र गावालाच उचलावा लागतो.

आधी वेगळं होतं का?

आपल्या राज्यात 1987 च्या कायद्याने हॉटेलच्या खोल्यांवर लक्झरी टॅक्स होता. तोही राज्याच्याच तिजोरीत जायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तो टॅक्स त्यात विरघळला. म्हणजे आज पंचायतीने ठरवलं की "प्रत्येक खोलीमागे आम्ही 20 रुपये घेणार", तर तसा अधिकार तिच्याकडे नाही. फ्रान्समध्ये 1910 पासून गावं पाहुण्याच्या मुक्कामावर कर घेतात आणि तो पर्यटनाच्या कामाला लावतात. आपली व्यवस्था तशी नाही.

मग माथेरानला कसं जमतं?

माथेरानची नगरपरिषद बिलावर नाही, माणसावर कर घेते. दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते आणि पर्यटक प्रवासी कर भरून आत जातो. महाबळेश्वर, पाचगणीतही प्रवासी कर आहे. पाहुणा कुठे जेवला, कुठे राहिला, याच्याशी त्या कराचा संबंध नाही. पैसा थेट स्थानिक संस्थेकडे येतो.

पण जशीच्या तशी नक्कल करू नका. माथेरानला येण्याच्या वाटा मोजक्या. आपल्याकडे मुंबई-नाशिक हायवे, कल्याण-मुरबाड रोड, कसाऱ्याची लोकल, शिवाय चारी बाजूंनी गावरस्ते. नाका लावणार कुठे? आणि आपला पाहुणा बहुतेक वेळा सकाळी येतो, संध्याकाळी परत जातो. नुसत्या खोल्यांवर कर लावला असता तरी हा माणूस त्यातून सुटलाच असता.

पंचायतीच्या हातात काय आहे?

1. तुमच्या हॉटेलची घरपट्टी आणि पाणीपट्टी. हा पैसा गावातच राहतो. म्हणून बांधकामाची नोंद नीट करा. नोंद नसेल तर मागणी करायला तोंड राहत नाही.
2. यात्रा कर आणि जत्रा-उत्सवांवरचा कर. ग्रामपंचायत कायद्यात याची तरतूद आहे. म्हशाच्या यात्रेसारख्या गर्दीसाठी हे महत्त्वाचं.
3. पंचायतीच्या स्वतःच्या जागेवरचं पार्किंग आणि दुकानांचं जागाभाडं. जागा वनखात्याची असेल तर विषय त्यांच्याकडे जातो.

हे तुमच्या धंद्याशी का जोडलेलं आहे? गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात अपघात आणि हुल्लडबाजीमुळे ठाणे जिल्हा प्रशासनाने धबधब्यांवर बंदीचे आदेश काढलेत. तुमची कमाई पावसाळ्यातल्या मोजक्या शनिवार-रविवारची. बंदी आली की तीच बुडते. पार्किंगच्या पैशातून गावाने दोन जीवरक्षक नेमले, कचरापेटी ठेवली, तर प्रशासनापुढे सांगायला काहीतरी असतं.

तुमच्या गल्ल्यासाठी तीन नियम

- वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जेवणाच्या हॉटेलला सहसा रजिस्ट्रेशन लागत नाही. पण मग बिलावर जीएसटी लावायचाच नाही. गोळा केला तर सरकारला भरावा लागतो, वर दंड.
- दारू न देणारं, फक्त जेवणाचं हॉटेल कंपोझिशन योजनेत जाऊ शकतं. 5 टक्के तुमच्या खिशातून भरायचे, गिऱ्हाइकाकडून वेगळे मागायचे नाहीत. म्हणून थाळीचा भाव ठरवतानाच ते धरा.
- फ्रीझर, गॅस शेगडी, खुर्च्या यांच्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट 5 टक्केवाल्या हॉटेलला मिळत नाही. तो सरळ खर्चात लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या भागातले चार-पाच हॉटेलवाले, टपरीवाले एकत्र बसा. एका रविवारी किती गाड्या आल्या ते वहीत मांडा. समजा 200 गाड्या आल्या आणि पार्किंग 30 रुपये ठेवलं, तर एका दिवसाचे 6000 झाले. हा आकडा घेऊन पुढच्या ग्रामसभेला जा आणि दोनच गोष्टी मागा: पार्किंगची रीतसर पावती, आणि त्या पैशाचा वेगळा हिशेब. गावाच्या विकास आराखड्यात शौचालयाचं काम लिहून घ्या. "सरकार काही करत नाही" म्हणणारे सभेत बरेच असतात. आकडा घेऊन येणाऱ्याचं ऐकलं जातं.