भाच्या, डुकरीण व्यायच्या आधी ऐकून ठेव

अरे, यॉर्कशायर घेतलीस, शेडचे फोटो अख्ख्या खानदानाला पाठवलेस, झकास! आता मादी व्यायला आलीय, तर फोन जरा खिशात राहू दे.

१. व्यायची जागा धुऊन खडखडीत वाळव, मादीची कास कोमट पाण्यानं पूस — पिल्लांच्या हगवणीचा जंतू, ई. कोलाय, तिच्या विष्ठेत असतोच, सडावरून तो पिल्लाच्या तोंडात जातो.

२. पिल्लू पडलं की सडाला लाव — डुकरिणीच्या पोटात असताना आईची प्रतिकारशक्ती पिल्लाला मिळत नाही, ती चिकातून येते, आणि ती शोषून घेणारं आतडं दिवसभरात मिटतं. दांडगी पिल्लं पुढचे सड बळकावतात; मरतुकड्याला तू हातानं धरून पाज. चीक चुकला, जीव हुकला.

३. कोपऱ्यात बल्ब, खाली कोरडा भुसा, ऊब ३२ ते ३४ अंश — गारठलेलं पिल्लू दूध ओढत नाही, आतडंही मंदावतं नि जंतूला ठाण मांडायला फुरसत मिळते. एकमेकांवर चढून झोपली तर थंडी आहे. पांगून धापा टाकत असतील तर बल्ब वर घे.

४. शेपटीखाली ओलं, पिवळं दिसलं की लगेच क्षारपाणी पाज — ई. कोलाय लहान आतड्याच्या अस्तराला गोचिडीसारखा चिकटतो, विष सोडतो, आणि अंगातलं पाणी नि क्षार आतड्यात झिरपू लागतात. आतडं फारसं फाटत-झिजत नाही, पिल्लू सुकून जातं, कधी एका रात्रीत. पहिल्या आठवड्यात हगवणीत रक्त दिसलं, तर ती बहुधा क्लॉस्ट्रिडियमची भानगड. डॉक्टरला तडक बोलाव.

५. दूध तोडताना आईला हलव, पिल्लं त्याच खोलीत ठेव — आई गेली, दूध गेलं, त्यात जागाही गेली तर पोट बिघडणारच. दुधातलं संरक्षण थांबतं, पोटातलं आम्ल अजून कमी असतं, न पचलेल्या खाद्यावर जंतू फोफावतो. दाणा दूध पितानाच चिमूटचिमूट ओळखीचा करून ठेव, तोडल्यावर आठवडाभर थोडं थोडं नि वारंवार दे. भरली गव्हाण, रिकामी खोली!

६. आजारी खोलीत सगळ्यात शेवटी जा — तुझे बूट जंतूची मोफत एसटी आहेत.

७. दुकानदाराच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक पाजू नकोस — कोलिस्टिन तर २०१९ पासून खाण्याच्या जनावरांना बंदच आहे, कारण माणसांसाठी ते अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध.

८. ई. कोलायच्या लशीचं डॉक्टरला आत्ताच विचार — ती गाभण मादीला शेवटच्या काही आठवड्यांत टोचतात, आणि पिल्लांना तिचा फायदा चिकातूनच मिळतो.