घागरीच्या गळ्यावरचं नाव

कंग्राळी बुद्रुकला नवं घर बांधायला काढलं, तेव्हा एकच हट्ट धरला होता. स्वयंपाकघरात जुनी तांब्यापितळेची भांडी हवीत, आणि ती मांडून ठेवायला नव्हे तर वापरायला हवीत. त्यापायी वर्षभर बेळगावच्या गल्ल्या पायी फिरले. त्यातून जे कळलं ते असं.

१. बाजार पायीच करावा. इतकी वर्षं बसमधून किंवा मुलाच्या दुचाकीवरून हेच रस्ते पाहिले, पण तेव्हा दुकानांच्या नुसत्या पाट्या दिसायच्या. शनिवार खुटाजवळ उतरून चालायला लागले (आमच्याकडे चौकाला खूट म्हणतात) आणि दुकानाच्या मागच्या अंगाला काय पडलंय ते दिसू लागलं. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार, मग कपिलेश्वराच्या बाजूनं रूळ ओलांडून शहापूर. शहापुरात गेलं की पुन्हा एक खडे बाजार लागतो. एकाच शहरात एका नावाचे दोन बाजार कसे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शहापूर पूर्वी बेळगावात नव्हतंच. १९४८ पर्यंत ते सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. माझे आजोबा एका खडे बाजारातून दुसऱ्यात जात, तेव्हा वाटेत राज्य बदलत असे. आता पिशवी घेऊन तिथून जाताना दर वेळी हे मनात येतं.

२. मोडीत घातलेलं भांडं परत मिळत नाही. सासूबाईंचा तांब्याचा हंडा मी स्टीलच्या डब्यांवर देऊन टाकला होता. दारात तराजू आला, हंडा काट्यावर चढला, वजन झालं, तेवढ्यात व्यवहार संपला. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. मला त्या दिवशी डब्यांची झाकणं नीट बसतात का, याचीच काळजी होती. आज भांड्यांच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात मोडीचा ढीग दिसला की मी आधी हंडे बघते. आमच्या हंड्याच्या काठाला एका ठिकाणी पोचा होता.

३. दाम वजनाचा असतो तसा नजरेचाही असतो. मोडीच्या ढिगात कळकलेली, काळी पडलेली कळशी किलोच्या भावानं जाते. तीच चिंचेनं घासून दर्शनी फळीवर ठेवली की तिची किंमत तीन-चार पट होते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग एका दुकानदाराला ढीग उपसताना पाहिलं. खाली बसून एकेक भांडं उचलायचा, बोटानं टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा. तडा असलेलं भांडं बद्द वाजतं. चांगलं वाजलं ते बाजूला ठेवायचा, बाकीचं वितळायला जायचं. त्यानं बाजूला काढली नसती तर ती कळशी मला दिसलीच नसती.

४. कल्हईशिवाय पितळ घेऊ नये. हे मी आमटी करून शिकले. हौसेनं घेतलेल्या पातेल्यात चिंचगुळाची आमटी उकळली आणि तासाभरात ती कळकली, सगळी ओतून द्यावी लागली. आईच्या घरी कल्हईवाला वर्षातून एकदा यायचा आणि आम्ही पोरं धूर बघायला गोळा व्हायचो, एवढंच लक्षात होतं. तो धूर कशासाठी, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. आता कल्हईवाल्यासमोर बसून सगळं पाहिलं. भांडं विस्तवावर तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उसळतो. नवसागरानं धातू स्वच्छ होतो, म्हणून कथील धरतं. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते भराभर फिरवायचं. पिवळ्या पितळेवर चंदेरी पदर पसरत जातो. लगेच भांडं पाण्यात, चर्र आवाज. सगळा खेळ दोन मिनिटांचा, पण हात जरा थांबला तर कथलाचे डाग पडतात. ते काम बघून मला पातेल्याच्या किमतीपेक्षा कल्हईची मजुरी कमी वाटली, आणि मी घासाघीस सोडली.

५. मातीचं घ्यायचं तर खानापूरचं. त्याबद्दल आमच्या भागात कुणाला जास्त सांगावं लागत नाही.

६. काही वस्तू विकत घेऊ नयेत. एका ठिकाणी देवांचे चांदीचे टाक विकायला होते, पाच-सहा, एका पुरचुंडीत. कुणाच्या तरी देव्हाऱ्यातले. खंडोबाचा टाक झिजून नुसता घोडा उरला होता, इतकी वर्षं त्याला कुणी आंघोळ घातली असेल. मी तो हातात घेतला आणि परत ठेवला. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं जमवली आणि मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. त्यांनी जमवलं म्हणून त्या वस्तू आज सगळ्यांना बघायला मिळतात. माझ्या कपाटात तो टाक कुणाला दिसला असता?

७. भांड्यावरचं नाव आधी वाचावं. शहापुरात एक पितळी घागर मिळाली, गळ्याजवळ ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. कानडी. मला बोलता येतं, वाचता येत नाही. दुकानदार म्हणाला, "अक्का, घासून काढून देतो की. तुमचं नाव घालू मशीनवर." मी नको म्हटलं, का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. घरी आणली, शेजारणीला दाखवली. तिनं पदरानं पुसलं, उजेडाकडे धरलं आणि वाचलं. एका मुलीचं नाव, आणि खाली 'सोदरमाव'. मामानं भाचीला लग्नात दिलेली घागर. आमच्या लग्नांतही मामाची भांडी अशीच येतात, नाव घालून. शेजारीण म्हणाली, तिच्या मामानंही दिली होती. पुढं काय झालं तिचं, ते मी विचारलं नाही.

घागर आता पाण्याच्या कट्ट्यावर आहे. सून रोज भरते. पुसून ठेवताना नावाची बाजू भिंतीकडे जाऊ देत नाही, आणि शेजारीण आली की पाणी मागायच्या आधी तिचा हात त्या ठिपक्यांवरून फिरतो.