मूत्रातील सूक्ष्म औषधांश आणि आपले उत्तरदायित्व

अष्टविध परीक्षेत नाडीनंतर मूत्राचेच स्थान आहे. वर्ण, गंध व तैलबिंदू यांवरून आपण दोषांचे अनुमान करतो. आधुनिक प्रयोगशाळा त्याच मूत्रातून सेवन केलेल्या द्रव्याची ओळख पटविते. बलवर्धक चूर्णे देणाऱ्या वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनी ही प्रक्रिया समजून घेणे अगत्याचे आहे.

मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडचे उदाहरण घेऊ. सेवनानंतर यकृतात त्याचे रूपांतर होऊन चयापचयज द्रव्ये बनतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. मूळ द्रव्य लवकर नाहीसे होते, परंतु 2006 साली शोधलेले एक दीर्घकाल टिकणारे चयापचयज द्रव्य 5 मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर 19 दिवसांपर्यंत आढळू शकते. मोजमाप नॅनोग्रॅममध्ये होते. एका मिलिलिटरमध्ये 1 नॅनोग्रॅम म्हणजे दहा लक्ष लिटर पाण्यात 1 ग्रॅम द्रव्य होय.

परीक्षणात प्रथम विकराने संयुग्मित अंश मोकळे केले जातात. नंतर निष्कर्षण करून वायू किंवा द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांद्वारे द्रव्य ओळखले जाते. पाणी अधिक प्यायल्याने मूत्र पातळ होते, म्हणून तुलना करताना विशिष्ट गुरुत्वाचाही विचार करावा लागतो. नमुन्याचे 'अ' व 'ब' असे दोन भाग करून 'ब' भाग फेरतपासणीसाठी मोहोरबंद ठेवतात.

केवळ अस्तित्वच नव्हे, तर प्रमाणही निर्णायक ठरते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांच्या 25 जून 2016 च्या नमुन्यात मेथॅन्डिएनोनचे अंश आढळले. आपल्या पेयात कोणी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय संस्थेच्या समितीने त्यांना निर्दोष ठरविले. परंतु क्रीडा लवादासमोर तज्ज्ञांनी मत दिले, की आढळलेले प्रमाण पाण्यात मिसळलेल्या चूर्णापेक्षा एक-दोन गोळ्यांच्या सेवनाशी जुळते. 18 ऑगस्ट 2016 रोजी चार वर्षांची बंदी आली व रिओ ऑलिंपिकची संधी गेली.

आता आपल्याकडे वळू. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही तालमीतील तरुण अंगात बळ यावे म्हणून चूर्ण मागण्यास येतात. अश्वगंधा निषिद्ध यादीत नाही. परंतु बिननावाच्या चूर्णात कोणी स्टेरॉइड मिसळले असल्यास त्या मुलाच्या मूत्रात ते दिसेल, आणि खेळाच्या नियमानुसार आपल्या शरीरात काय जाते याचे उत्तरदायित्व खेळाडूवरच असते. औषध मात्र आपण दिलेले असेल.

यास्तव व्यवसायबंधूंनी पुढील पथ्ये पाळावीत :

1. परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेले चूर्ण विकू नये.
2. रुग्ण खेळाडू आहे काय, हे विचारून नोंद करावी.
3. दिलेल्या औषधाचा बॅच क्रमांक रुग्णपत्रिकेत लिहावा.
4. अल्पावधीत विलक्षण गुण देणाऱ्या चूर्णाविषयी शंका घ्यावी व त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

शास्त्राची प्रतिष्ठा शुद्ध द्रव्यावर अवलंबून आहे. आपल्या पुडीत काय आहे, हे प्रयोगशाळेने सांगण्यापूर्वी आपणास ठाऊक असले पाहिजे.