मेटफॉर्मिन काहींच्या कोष्ठास का सोसत नाही?

मधुमेहाचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याची मेटफॉर्मिनची गोळी चालूच असते. पुष्कळदा त्याची तक्रार मधुमेहाची नसतेच. मळमळ, आध्मान, तोंडास धातूसारखी चव आणि जेवणानंतर द्रवमलप्रवृत्ती यांनी तो त्रस्त असतो. अशा वेळी ग्रहणीचे निदान करून कुटजघनवटी लिहिण्यापूर्वी गोळी केव्हा सुरू झाली व मात्रा केव्हा वाढली, हे विचारणे अगत्याचे आहे.

हे औषध घेणाऱ्या साधारण चार-पाच जणांपैकी एकास पोटाचा त्रास होतो. शंभरात सुमारे पाच जणांना ते सोडावेच लागते. मेटफॉर्मिनचे यकृतात विघटन होत नाही. घेतलेल्या मात्रेपैकी निम्मा अंश शोषला जाऊन मूळ रूपातच मूत्रावाटे जातो, उरलेला आतड्यातच राहतो. लघ्वंत्राच्या भित्तीत त्याचे प्रमाण रक्ताच्या ३० ते ३०० पट आढळते. तेथे पित्तक्षारांचे पुनःशोषण घटते व त्यांच्यामागे जलही आतड्यात येते. सेरोटोनिनचाही संबंध सांगितला जातो.

पण एकच मात्रा एकास सोसते, दुसऱ्यास नाही, असे का? पेशीत औषध वाहून नेणारे 'ओसीटी-१' हे प्रथिन काहींमध्ये जन्मतःच दुर्बळ असते. स्कॉटलंडमधील रुग्णांच्या २०१५ च्या अभ्यासात, जनुकाच्या दोन्ही प्रती दुर्बळ असणाऱ्यांत असह्यतेची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. त्यांपैकी जे या प्रथिनास अडविणारी औषधेही घेत होते, त्यांच्यात ती चौपटीवर गेली. अशा औषधांत ओमेप्राझोल येते! मेटफॉर्मिनने मळमळ झाली म्हणून दुकानातून आम्लपित्ताची कॅप्सूल परस्पर नेणारा रुग्ण आपलाच त्रास वाढवीत असू शकतो. औषधविक्रेत्यांनी हे ध्यानी ठेवावे.

हाच मृदुकोष्ठ, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र तसा पुरावा नाही. कोष्ठपरीक्षा उपयोगी पडते ती व्यवहारात: मृदुकोष्ठी रुग्णास रात्री त्रिफळाचूर्णही चालू असेल, तर प्रथम ते थांबवून पाहावे.

गोळी मात्र आपण बंद करू नये, आणि रुग्णानेही मुकाट्याने सोडू नये. साखर वाढते आणि डॉक्टरांना पत्ता नसतो. त्यांना चिठ्ठी द्यावी. ५०० मिलिग्रॅमपासून जेवणासोबत आरंभ, मात्रेत सावकाश वाढ, किंवा संथपणे विरघळणारी 'एसआर' गोळी, एवढ्यानेच अनेकांचे निभते. 'एसआर' लिहिली असता साधी गोळी देऊ नये. ती कुटून घेण्यासही रुग्णास मना करावे. मलातून गोळीचे रिकामे कवच पडल्यास भिण्याचे कारण नाही.

पूर्वी सोसणारे औषध सोसेनासे झाले व उलट्या, ग्लानी, श्वास ही लक्षणे आली, तर काढ्यात वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. वृक्कांची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली गेल्यास हे औषध वर्ज्यच आहे. दीर्घकाळ घेणाऱ्यांचे पाय बधिर होऊ लागल्यास तो प्रमेहाचाच उपद्रव समजून न थांबता बी-१२ तपासावे.