गुग्गुळ, मेदोरोग आणि कोलेस्टेरॉलचा कागद

बेटेगाव येथील आमच्या चिकित्सालयात तारापूर औद्योगिक वसाहतीतील पाळीचे कामगार नित्य येतात. हाती लिपिड प्रोफाइलचा कागद आणि प्रश्न ठरलेला, ‘‘डॉक्टर, कोलेस्टेरॉलवर गुग्गुळ घेऊ का?’’ कित्येकांनी दुकानातून तो आधीच आणलेला असतो. काहींनी चालू असलेली स्टॅटिनची गोळीही परस्पर सोडलेली असते.

ही जोडी जुळली ती सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायामुळे. तेथील स्थौल्यवर्णनाच्या आधारे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग करून १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत गुगुलिपिड सिद्ध झाले व भारतीय चाचण्यांनी उत्साह वाढविला. परंतु २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १०३ व्यक्तींवरील आठ आठवड्यांच्या चाचणीत एलडीएल घटण्याऐवजी ४ ते ५ टक्के वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. आपण वैद्यमंडळी पहिली हकीकत अभिमानाने सांगतो व दुसरी गाळतो, हे बरे नव्हे.

मूळ ग्रंथ पाहिला तर सुश्रुताचार्य गुग्गुळ एकटा सांगतच नाहीत. शिलाजतु, गोमूत्र, त्रिफळा, यव, मूग, वरी यांच्या पंक्तीत तो येतो, सोबत व्यायाम व लेखनबस्ती येतात. हेतूंत अध्यशन, अव्यायाम आणि दिवास्वप्न आहेत. आमचा रात्रपाळीचा रुग्ण सकाळी घरी येऊन भरपेट जेवतो आणि दुपारी तीनपर्यंत निजतो. वाग्भटाचार्यांनी यावर नेमका तोडगा दिला आहे: जागरण जितके, त्याच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता झोप. हा एक बदल रुग्णाच्या गळी उतरविण्यास आम्हांस कोणत्याही कल्पापेक्षा अधिक वेळ लागतो. तंबाखू सोडविणे त्याहून कठीण, आणि रक्तदाब व मधुमेह न तपासता केवळ कोलेस्टेरॉलचा अंक पाहणे व्यर्थ.

औषधविक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे की मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९४ मध्ये, गुगुलिपिडसोबत घेतल्यास प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे दाखविले. तेव्हा गुग्गुळकल्प देण्यापूर्वी हृदयाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारलेच पाहिजे. स्टॅटिन तर लिहून देणाऱ्यास विचारल्याविना बंद करवूच नये.

याहून निकडीची गोष्ट अम्लपित्ताची. शेहेचाळीस वर्षांचा एक कामगार दोन दिवस एका दुकानातून घेतलेले अविपत्तिकर चूर्ण खाऊन आमच्याकडे आला. जिभेवर साम लक्षणे होती. आम्हीही पित्तावरच थांबणार होतो. उठता उठता तो म्हणाला, ‘‘जिना चढलो की जबड्यात कळ येते.’’ तत्काळ बोईसरला ईसीजी काढविला. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. चाळिशीपुढील मनुष्य जळजळीचे चूर्ण मागू लागला, तर घाम सुटतो का, दम लागतो का, हातात वा जबड्यात कळ जाते का, एवढे गल्ल्यावरच विचारावे. एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर पुडी न देता रुग्णालयात धाडावे. आमचा रुग्ण आज पहिल्या पाळीत आहे. स्टॅटिन चालू आहे, तंबाखू सुटली आहे, आणि गुग्गुळ आम्ही त्यास दिलेला नाही.